धुकं पिणारी झाडं, गार समुद्र आणि द्राक्षं: उत्तर कॅलिफोर्नियातली चार दिवसांची रोड ट्रिप

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मसुदा. भाग ऐकला असेल तर आकडे आणि गावांची नावं इथे सापडतील. ऐकला नसेल तर वाचून घ्या, बसमध्ये दहा-बारा मिनिटांत होतो.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आजचा भाग एका ट्रिपबद्दल आहे. जुलैमध्ये मी आणि माझा नवरा गाडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला गेलो. चार दिवस, साधारण ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर. पहिल्यांदा रेडवूडचं जंगल, मग पॅसिफिकचा किनारा, मग द्राक्षांचे मळे. बे एरियात राहणारी बरीच मराठी जोडपी ही ट्रिप कधी ना कधी करतात. भारतातून आई-बाबा आले की त्यांनाही याच रस्त्याने फिरवतात. त्यामुळे "कुठे काय खायचं, फोटो कुठे काढायचे" याचे व्हिडिओ तुम्हाला पोत्याने मिळतील. ते मी परत सांगणार नाहीये.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. जंगल, समुद्र आणि वाइन या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटतात ना? तिन्हीच्या मागे एकच यंत्रणा आहे आणि तिचं नाव आहे धुकं. लोक या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त वैतागतात ते याच धुक्यावर. एकदा ही यंत्रणा कळली की सगळा रस्ताच वेगळा दिसायला लागतो. आणि हे धुकं कमी होत चाललंय म्हणजे नेमकं काय होतंय, तेही समजतं.

रस्ता कसा जातो

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. गोल्डन गेट पुलावरून निघायचं आणि हायवे १०१ धरून सरळ उत्तरेला जायचं. सुमारे २३० मैलांवर हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्क लागतं. तिथे जुना १०१ आता वेगळा रस्ता म्हणून राखून ठेवलाय. त्याचं नाव ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स, लांबी ३१ मैल. तिथून थोडं मागे लेगेटला यायचं. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा प्रसिद्ध हायवे १ आहे ना, त्याचं उत्तरेचं टोक लेगेटला आहे. तिथून डोंगर उतरून समुद्राला लागायचं, मग फोर्ट ब्रॅग, मग मेंडोसिनो. मेंडोसिनोच्या खाली हायवे १२८ डावीकडे आत वळतो. तो अँडरसन व्हॅली नावाच्या द्राक्षांच्या खोऱ्यातून क्लोव्हरडेलला परत १०१ वर आणून सोडतो. पुढे हील्ड्सबर्ग, सोनोमा आणि घर.

म्हणजे एक गोल चक्कर. पहिला दिवस जंगलापर्यंत, दुसरा जंगलात आणि संध्याकाळी किनाऱ्यावर, तिसरा किनारा आणि अँडरसन व्हॅली, चौथा हील्ड्सबर्ग आणि परत.

आधी धुक्याचं कोडं सोडवू

आपल्या डोक्यात धुकं म्हणजे डिसेंबर-जानेवारी. महाबळेश्वर, पहाटेची थंडी, शेकोटी. इथे उलटं आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर धुक्याचा मोसम म्हणजे ऐन उन्हाळा, जून ते ऑगस्ट. सॅन फ्रान्सिस्कोत तर लोकांनी धुक्याचं नावच ठेवलंय, कार्ल. "आज कार्ल आलाय का?" असं विचारतात.

आता हे होतं कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा वाऱ्याचा. उन्हाळ्यात पॅसिफिकवर हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा पट्टा बसलेला असतो. त्याच्यामुळे किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे जोरदार वारे वाहतात.

दुसरा टप्पा पाण्याचा. हा वारा समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी ढकलतो. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे ते पाणी सरळ दक्षिणेला न जाता उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून लांब सरकतं. आता किनाऱ्याजवळची जागा रिकामी राहील का? नाही. खालून, खोलातून पाणी वर येतं. हे पाणी बर्फासारखं गार असतं आणि त्यात खनिजं, पोषक द्रव्यं खच्चून भरलेली असतात. म्हणून भर जुलैमध्ये मेंडोसिनोजवळ समुद्र १० ते १२ अंश सेल्सिअस असतो.

माझा नवरा मूळचा गुहागरचा. समुद्र दिसला की चप्पल काढून पाण्यात जायचं ही त्याची लहानपणापासूनची सवय. फोर्ट ब्रॅगच्या किनाऱ्यावर तो तसाच धावत गेला आणि तीन सेकंदांत ओरडत बाहेर आला. "अगं, हे पाणी नाहीये, फ्रिज आहे!" कोकणातल्या समुद्राचं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतं. फरक वीस अंशांचा. ओरडणारच.

तिसरा टप्पा हवेचा. लांबून, पॅसिफिकवरून येणारी दमट हवा किनाऱ्याजवळच्या या गार पाण्यावरून जाते. हवा थंड होते, तिच्यातली वाफ बारीक थेंबांत बदलते. झालं धुकं तयार. गार पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब जमतात, तेच मोठ्या प्रमाणात. वर उबदार, कोरड्या हवेचं झाकण असतं, त्यामुळे धुकं वर उडून जात नाही. काहीशे मीटर जाडीचा थर होऊन पडून राहतं.

आणि चौथा टप्पा, ओढ. किनाऱ्यापासून आत कॅलिफोर्नियाची मधली मोठी सपाट दरी उन्हाने तापून अडतीस-चाळीस अंशांवर जाते. तिथली हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. मध्ये डोंगर आहेत, पण जिथे नदीचं खोरं किंवा खिंड आहे तिथून धुकं आत घुसतं. संध्याकाळी येतं, रात्रभर बसतं, सकाळी दहा-अकरापर्यंत विरतं.

गार समुद्र, तापलेली जमीन आणि मधल्या खिंडी. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

जंगल: उन्हाळ्यात पाऊस नाही, मग झाडं जगतात कशी?

आपण जून म्हटलं की पाऊस गृहीत धरतो. उत्तर कॅलिफोर्नियात जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. सगळा पाऊस हिवाळ्यात. आणि तरी इथे जगातली सगळ्यात उंच झाडं उभी आहेत, कोस्ट रेडवूड. सगळ्यात उंच झाडाचं नाव हायपेरियन, उंची साधारण ११६ मीटर. ते आणखी उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कमध्ये आहे आणि लोकांच्या पायांनी मुळांची नासधूस व्हायला लागली म्हणून २०२२ पासून तिथे जायला बंदी आहे. कृपया इंस्टाग्रामसाठी शोधत जाऊ नका, दंड मोठा आहे.

हम्बोल्टमध्ये मात्र तुम्ही मनसोक्त फिरू शकता. आम्ही फाउंडर्स ग्रोव्हमध्ये गेलो. अर्ध्या मैलाची सपाट पायवाट, आई-बाबांनाही आरामात जमेल अशी. तिथे डायरव्हिल जायंट नावाचं झाड आडवं पडलेलं आहे. १९९१ मध्ये ते कोसळलं, तेव्हा त्याची उंची ११० मीटरच्या आसपास होती. आडव्या झाडाच्या बाजूने चालत गेलात तर चालणं संपत नाही. तीसेक मजल्यांची इमारत झोपवून ठेवल्यासारखं वाटतं.

त्याच्या उखडलेल्या मुळांकडे नीट बघा. इतक्या अवाढव्य झाडाची मुळं खोल नसतात. जेमतेम दोन ते चार मीटर खाली जातात आणि आडवी पसरतात. म्हणजे खोलातलं पाणी ओढून उन्हाळा काढायची सोय या झाडाकडे नाही. पाणी वरच्या मातीतच मिळायला हवं आणि तेही कोरड्या महिन्यांत.

इथे धुकं कामाला येतं. रेडवूडची पानं बारीक, सुईसारखी. धुक्यातले थेंब त्यांच्यावर अडकतात, एकत्र होतात आणि खाली टपकतात. पहाटे या जंगलात उभे राहा, आकाशात ढग नाही, पाऊस नाही, आणि तरी टप टप आवाज येत राहतो. काही पाणी तर पानं थेट शोषून घेतात. झाडाच्या शेंड्याला याचा फार फायदा होतो, कारण मुळांपासून शंभर मीटर वर पाणी ओढणं हे झाडासाठी प्रचंड कष्टाचं काम असतं.

टॉड डॉसन या शास्त्रज्ञाने हे तीन वर्षं मोजलं आणि १९९८ मध्ये छापलं. रेडवूडच्या जंगलात वर्षभरात जेवढं पाणी येतं, त्यातलं सरासरी ३४ टक्के धुक्यातून झाडांवरून टपकून येतं. आता गंमत ऐका. जिथे झाडं नव्हती, तिथे हाच आकडा निम्मा होता, १७ टक्के. म्हणजे धुकं सगळीकडे येतं, पण ते पकडायला झाड लागतं. झाड स्वतःसाठी पाणी पकडतं आणि खालच्या नेच्यांना, शेवाळाला, ओढ्यालाही देतं. जंगल तोडलं की नुसती झाडं जात नाहीत, पाणी आणणारी यंत्रणाही जाते.

म्हणूनच ही झाडं फक्त एका पट्ट्यात आहेत. ओरेगॉनच्या दक्षिण टोकापासून बिग सरपर्यंत, सुमारे ७२० किलोमीटर लांब आणि समुद्रापासून फार तर पन्नास-साठ किलोमीटर आत. धुकं पोचतं तिथवर रेडवूड. त्यापुढे नाही.

आणि ती तोडली तर खूप गेली. १८४९ च्या सोन्याच्या गर्दीनंतर शहरं उभी राहिली ती याच लाकडाने. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को परत बांधलं तेही याच लाकडाने. मूळ जुन्या जंगलापैकी आज साधारण ५ टक्के उरलंय. जे उरलं त्याचं बरंचसं श्रेय १९१८ मध्ये सुरू झालेल्या सेव्ह द रेडवूड्स लीगला जातं. फाउंडर्स ग्रोव्हमधले फाउंडर्स म्हणजे या संस्थेचे संस्थापक. लोकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घेतले. रॉकफेलर ज्युनियर यांनी २० लाख डॉलर दिले, त्यातून वाचलेल्या जंगलाला त्यांचं नाव आहे. जगातलं सगळ्यात मोठं सलग जुनं रेडवूड जंगल तेच.

समुद्र: पाणी गार आहे म्हणून तर सगळं आहे

लेगेटहून समुद्रापर्यंतचा रस्ता सुमारे २२ मैलांचा आहे आणि त्यात सरळ भाग शोधून सापडत नाही. वरंधा घाट आठवा, फक्त एसटी नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या. हायवे १ इथून वर किनाऱ्याने का जात नाही? कारण पुढे किंग रेंजचे डोंगर थेट समुद्रात उतरतात. रस्ता करणाऱ्यांनी तिथे हात टेकले आणि रस्ता आत वळवला. त्या भागाला लॉस्ट कोस्ट म्हणतात.

आणि मग शेवटचं वळण येतं आणि समुद्र दिसतो. म्हणजे दिसायला हवा. आम्हाला दिसलं फक्त पांढरं. नवऱ्याने सूर्यास्ताचा फोटो काढायचा म्हणून ट्रायपॉड आणला होता. तो ट्रायपॉड फोर्ट ब्रॅगमध्ये दोन्ही संध्याकाळी पिशवीतच राहिला. "जुलैमध्ये कोण येतं इथे?" हे तो मला दोनदा म्हणाला, मी एकदा. फोर्ट ब्रॅगला जुलैत दुपारचं तापमान साधारण १७-१८ अंश असतं आणि तिथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवरच्या युकायात त्याच वेळी ३३-३४. स्वेटर न घेता जाल तर दुकानातून महागडी हुडी घ्यावी लागेल, एवढं सांगून ठेवते.

पण मघाशी म्हटलं तसं, ते गार पाणी खोलातून पोषण घेऊन येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर मासे, त्यावर सील, पक्षी, देवमासे. फोर्ट ब्रॅगच्या उत्तरेला मॅकेरिकर स्टेट पार्कमध्ये खडकांवर सील लोळत पडलेले दिसतात. धुक्यात त्यांना काही फरक पडत नाही. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत ग्रे व्हेल इथून ये-जा करतात. काचेच्या गुळगुळीत तुकड्यांचा ग्लास बीच बघायला सगळे जातात. तो एकेकाळी गावाचा उकिरडा होता, काच समुद्राने घासली. तुकडे उचलून आणायचे नाहीत, फक्त बघायचे.

पाण्याखाली इथे आणखी एक जंगल होतं, बुल केल्पचं. केल्प म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणारं समुद्री शेवाळ, झाडाएवढं उंच. त्याला गार, पोषक पाणी लागतं. २०१३ पासून एका रोगाने समुद्रतारे मरायला लागले. जांभळे सागरी साळिंदर खाणारे सूर्यफूल तारे तर जवळजवळ संपलेच. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात पॅसिफिकचं पाणी असामान्य तापलं. केल्प कमजोर झालं, साळिंदर बेसुमार वाढले आणि उरलंसुरलं खाऊन टाकलं. काही वर्षांत उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. केल्पवर जगणाऱ्या ॲबलोनी या मोठ्या समुद्री गोगलगायी उपाशी मेल्या आणि २०१८ पासून त्या पकडायला बंदी आली. ॲबलोनीसाठी पाण्यात उड्या मारायला दरवर्षी लोक यायचे, त्यांच्यावर इथल्या लॉजचा, दुकानांचा धंदा चालायचा. तोही थांबला.

मेंडोसिनोच्या कड्यावर उभं राहून खाली बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही. समुद्र सुंदरच दिसतो. म्हणून सांगितलं.

द्राक्षं: एक सोपा फॉर लूप

आता हायवे १२८. समुद्राकडून आत वळलात की पहिले अकरा मैल नवारो नदीच्या काठाने, दोन्ही बाजूंनी रेडवूड, मध्ये रस्ता, बोगद्यासारखा. मग अचानक झाडं संपतात आणि द्राक्षांच्या रांगा सुरू होतात. नवारो, फिलो, बूनव्हिल. ही अँडरसन व्हॅली.

बूनव्हिलची एक गंमत. हे गाव इतकं आडवळणी होतं की लोकांनी स्वतःची बोली बनवली, बूंटलिंग. बाहेरच्यांना कळू नये म्हणून. त्यात कॉफीला म्हणतात "हॉर्न ऑफ झीस". आपल्याकडे दलालांच्या सांकेतिक भाषा असतात, तशातलाच प्रकार.

आता प्रश्न. द्राक्षाला ऊन लागतं. मग हे धुक्याच्या तोंडाशी मळे का?

द्राक्षात दोन गोष्टींचा तोल हवा असतो, साखर आणि आंबटपणा. साखर दिवसाच्या उन्हात तयार होते. आंबटपणा देणारं आम्ल मात्र उष्णतेने झपाट्याने कमी होतं, कारण पिकणारं फळ तेच जाळून ऊर्जा मिळवतं. रात्र गरम असली की हे जळणं रात्रभर चालू राहतं आणि वाइन नुसती गोडसर, जड, सपाट होते. रात्र गार असेल तर आम्ल टिकतं. द्राक्ष सावकाश पिकतं, वास आणि चव भरायला वेळ मिळतो. अँडरसन व्हॅलीचं तोंड समुद्राच्या दिशेने उघडं आहे. रात्री धुकं आत येतं, दुपारी ऊन पडतं. दिवस-रात्रीच्या तापमानात वीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून इथे पातळ सालीचं, नाजूक, गारवा मागणारं पिनो न्वार जमतं. फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या लुई रोडरर कंपनीने १९८२ मध्ये इथे येऊन मळे घेतले ते याच गारव्यासाठी.

हे मोजतात कसं? हा भाग माझ्या आवडीचा. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अमेरिन आणि विंकलर या दोघांनी १९४० च्या दशकात एक हिशेब मांडला. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, प्रत्येक दिवसाचं सरासरी तापमान घ्या. त्यातून ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस वजा करा, कारण त्याखाली द्राक्षवेल वाढत नाही. उरलेलं बेरजेत टाका. झाला फॉर लूप! बेरीज २,५०० पर्यंत आली तर पहिला, सगळ्यात थंड गट. ४,००० च्या वर गेली तर पाचवा, सगळ्यात गरम. कुठल्या गावात कुठलं द्राक्ष लावायचं हे या एका आकड्यावरून बरंचसं ठरायला लागलं.

या हिशेबात एक मजेशीर गोष्ट दिसते. आपल्याला वाटतं उत्तरेला गेलं की थंड. नापा व्हॅलीत उलटं आहे. दक्षिणेचं कार्नेरोस खाडीजवळ, म्हणून थंड. उत्तरेचं कॅलिस्टोगा खाडीपासून लांब, म्हणून गरम. सोनोमातल्या पेटालुमा गॅपला २०१७ मध्ये स्वतंत्र द्राक्षक्षेत्राचा दर्जा मिळाला, तो तर तिथून आत घुसणाऱ्या वाऱ्यामुळेच. इथे दिशेपेक्षा खिंड महत्त्वाची.

आम्ही त्या दिवशी सकाळी समुद्राजवळून निघालो तेव्हा गाडीतला थर्मामीटर १४ दाखवत होता. दुपारी क्लोव्हरडेलला ३४. मध्ये अंतर साठेक मैलांचं.

आणि आपलं नाशिक?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. नाशिकमध्ये गार समुद्र नाही, धुक्याची खिंड नाही. मग?

नाशिकने गारवा वेगळ्या वाटेने मिळवला, मोसम बदलून. आपल्या हवेत द्राक्षवेल हिवाळी झोप घेत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. त्यामुळे फळ पिकतं ते जानेवारी ते मार्च, जेव्हा दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी असते. कॅलिफोर्नियात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी. त्यांना गारवा समुद्र देतो, आपल्याला कॅलेंडर.

दोन्ही ठिकाणांना जोडणारा धागाही आहे. सुला सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफोर्डला इंजिनिअरिंग शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि मग नाशिकला परतले. त्यांच्यासोबत वाइन बनवायला उभे राहिले ते सोनोमाचे केरी डॅम्स्की. २००० साली पहिली बाटली बाजारात आली. म्हणजे नाशिकच्या वाइनमध्ये सोनोमाचा थोडा हात आहे.

धुकं कमी होतंय, मग?

२०१० मध्ये जॉनस्टन आणि डॉसन यांनी विमानतळांवरच्या ढगांच्या नोंदी आणि किनारा व आतल्या भागातल्या तापमानाचा फरक, असा शतकभराचा डेटा तपासला. निष्कर्ष असा की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत उन्हाळी धुकं सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झालंय. किनारा आणि आतली जमीन यांच्या तापमानातला फरक घटतोय. मघाशी सांगितलेली ओढ आठवतेय ना? फरक कमी तर ओढ कमी. यात समुद्राचे नैसर्गिक चढउतारही आहेत, त्यामुळे सगळा दोष एकाच कारणावर टाकता येत नाही.

आणि चित्र सरळ नाही. काही जुन्या रेडवूड जंगलांत १९७० च्या दशकापासून झाडांची वाढ उलट वेगाने झालेली दिसली. एक शक्यता अशी मांडली गेली की धुकं कमी म्हणजे सूर्यप्रकाश जास्त. म्हणजे मोठ्या, मुरलेल्या झाडांना तूर्त फायदा. पण रोपट्याचं काय? त्याची मुळं वरच्या थरात, पाण्याचा साठा नाही. दोन हजार वर्षं जगणाऱ्या झाडाच्या बाबतीत आजची वाढ बघून उद्याचं सांगता येत नाही.

द्राक्षवाल्यांकडे फॉर लूप आहे. बेरीज वाढायला लागली की ते दुसरं वाण लावू शकतात, मळा समुद्राच्या जवळ सरकवू शकतात. आग आणि धुरापुढे मात्र त्यांचंही चालत नाही. २०२० च्या वणव्यांत धूर द्राक्षाच्या सालीत मुरला आणि अनेकांनी त्या वर्षी रेड वाइन काढलीच नाही. रेडवूडला तर सरकताही येत नाही. केल्पला ते पण जमलं नाही, आपण बघितलं.

म्हणून म्हणते, या ट्रिपला जाल तेव्हा पांढरं आकाश बघून तोंड वाकडं करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मेंडोसिनोच्या कड्यावर थर्मासमधला चहा घेऊन बसलो होतो. समोर काहीच दिसत नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, हे आता आत जाईल, नवारोच्या झाडांवर टपकेल." तो म्हणाला, "आणि उद्या तुझ्या ग्लासात येईल." त्याने ट्रायपॉड काढला आणि धुक्याचाच टाइमलॅप्स केला. तो या भागाच्या कव्हरवर लावलाय.

जायच्या आधी, पटापट

- नेटवर्क: ॲव्हेन्यू, लेगेटचा रस्ता आणि १२८ वर बराच वेळ रेंज नसते. नकाशे आणि पॉडकास्ट, हो हो, आमचाही, आधी डाउनलोड करा.
- पेट्रोल: १०१ सोडायच्या आधी टाकी भरा. किनाऱ्यावर पंप कमी आणि महाग.
- समुद्र: पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. इथे अचानक मोठी लाट येते, तिला स्नीकर वेव्ह म्हणतात. पाणी गार आहे हे तर सांगितलंच.
- वाइन: दिवस वाटून घ्या. एका दिवशी एकाने प्यायची, दुसऱ्याने गाडी चालवायची, दुसऱ्या दिवशी उलट. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण डोंगरातल्या वळणांवर शून्यच बरी. चव घेऊन थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं इथे असभ्य समजत नाहीत. एक टेस्टिंग दोघांत मागता येतं का, विचारा. उघडलेली बाटली गाडीत डिकीतच ठेवायची, सीटजवळ नाही.
- कपडे: एकाच बॅगेत स्वेटर आणि टी-शर्ट, दोन्ही वर. एकाच दिवसात दोन्ही लागतात.
- वेळ: स्वच्छ आकाशच हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा द्राक्षतोडणीही चालू असते. धुक्याचं जंगल बघायचं असेल तर जुलै आणि सकाळी आठच्या आत.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी नाशिकच्या मळ्यात फळ छाटणीच्या वेळी काम केलं असेल, किंवा घरी द्राक्षबाग असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. रात्रीच्या थंडीचा आणि चवीचा संबंध तुम्ही आमच्यापेक्षा चांगला सांगाल, आणि पुढच्या भागात तुमचाच आवाज लावू. तोपर्यंत ऐकत राहा, फिरत राहा, गाडी सावकाश चालवा. भेटू!